छोट्या संगणकाची डिस्क बदलताना
लेखांक सहावा

हार्ड डिस्कला एखादी फाइल वाचायची झाली की दोनदा थांबावे लागते. आधी हेड तबकडीवरच्या नेमक्या मार्गावर सरकले पाहिजे, मग हवा तो तुकडा फिरत फिरत हेडखाली आला पाहिजे. जुन्या लॅपटॉपमध्ये किंवा जुन्या मॅक मिनीसारख्या छोट्या डेस्कटॉपमध्ये जी अडीच इंची डिस्क असते, तिचे हेड सरकायला सरासरी १२ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा ११.१ मिलिसेकंदांचा, म्हणजे सरासरी अर्ध्या फेऱ्याचा खोळंबा ५.६ मिलिसेकंदांचा. दोन्ही मिळून साडेसतरा मिलिसेकंद झाले. सेकंदाला अशा जेमतेम ५७ खेपा होतात. प्रत्येक खेपेत ४ केबीचा तुकडा हाती लागला, तर सेकंदाला पाव एमबीसुद्धा पदरात पडत नाही. सलग मोठा चित्रपट वाचताना मात्र हीच डिस्क सेकंदाला १०० एमबी देऊ शकते. संगणक सुरू होताना, ब्राउझर उघडताना किंवा जुनी मेल शोधताना काम असते ते विखुरलेल्या हजारो बारीक तुकड्यांचे. जुना संगणक रखडतो तो इथे.

हे गणित लक्षात घेतले की ७२०० फेऱ्यांच्या डिस्कचा मोह आपोआप ओसरतो. आकड्यात वाढ ३३ टक्क्यांची दिसते. पण अर्ध्या फेऱ्याचा वेळ ५.६ वरून ४.२ मिलिसेकंदांवर येतो, हेड सरकण्याचा वेळ जवळपास तसाच राहतो आणि एकूण खोळंबा आठ-दहा टक्क्यांनीच घटतो. त्यासाठी थोडी जास्त ऊब, थोडी जास्त घरघर आणि थोडी जास्त वीज मोजावी लागते. एसएसडी महाग होत्या तोवर हा सौदा समजण्यासारखा होता, आता नाही. वेस्टर्न डिजिटलची १०,००० फेऱ्यांची व्हेलॉसिरॅप्टर ही डिस्कही अडीच इंची होती, पण तिची जाडी १५ मिलिमीटर होती आणि तिला ५ व्होल्टसोबत १२ व्होल्टही लागत. लॅपटॉपच्या खणात ती मावतही नसे आणि चालतही नसे.

नव्या, पातळ, जास्त क्षमतेच्या हार्ड डिस्कबाबत आणखी एक सावधगिरी हवी. त्यांतल्या अनेकींमध्ये माहितीचे मार्ग कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. एक मार्ग बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. या एसएमआर पद्धतीमुळे लिहिण्याचा वेग मध्येच कोसळतो. बॅकअपसाठी अशी डिस्क ठीक, ऑपरेटिंग सिस्टिमसाठी टाळावी.

एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तुकडा कुठेही असो, तो साधारण दशांश मिलिसेकंदात हाती येतो, साडेसतरापुढे दशांश. खेपा ५७ वरून हजारोंच्या घरात जातात. खरी झेप हीच आहे. त्यानंतरची प्रत्येक सुधारणा हिच्यापुढे किरकोळ ठरते.

आता प्रश्न येतो संगणकात काय बसेल याचा, आणि इथेच पैसे वाया जातात. मॅक मिनीच्या पिढ्या शेजारी शेजारी ठेवल्या की मुद्दा स्पष्ट होतो. जानेवारी २००५ मध्ये आलेल्या पहिल्या मिनीला बाहेरून एकही स्क्रू नव्हता. ती उघडायची तर भिंतीला लांबी लावायची पातळ पत्र्याची पट्टी कडेच्या फटीत सरकवून आतल्या खुंट्या एकेक करून सोडवाव्या लागत. आतली डिस्क जुन्या समांतर एटीए जोडणीची, त्या जोडणीला आजच्या साटा जोडणीची एसएसडी थेट लागत नाही. अडॅप्टर मिळतात, पण त्या संगणकावर खर्च करणे निव्वळ हौसेचे. २००६ च्या इंटेल मिनीत साटा आली, सेकंदाला १.५ गिगाबिटची, म्हणजे प्रत्यक्षात १५० एमबीच्या आतली. सेकंदाला ५५० एमबी देणारी एसएसडी तिथे कोंडली जाते खरी, पण खोळंबा दशांश मिलिसेकंदाचाच राहतो. म्हणूनच जोडणी जुनी असली तरी फरक लगेच जाणवतो. २०१२ च्या मॉडेलमध्ये ६ गिगाबिटची साटा आहे आणि तळाचे काळे झाकण हाताने फिरवून निघते. डिस्क बदलायला याच्याइतकी सोयीची मिनी दुसरी नाही. २०१४ च्या मिनीतही डिस्क बदलता येते, पण झाकणाखालच्या पत्र्याला मध्ये टोक असलेले सुरक्षा टॉर्क्स स्क्रू आहेत. साधा पेचकस तिथे चालत नाही.

विंडोजच्या मिनी पीसीत आणि अलीकडच्या लॅपटॉपमध्ये एम.२ नावाचा चपटा स्लॉट असतो. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब पट्टी. घोटाळा असा की साटा आणि एनव्हीएमई या दोन्ही जातींच्या पट्ट्या दिसायला सारख्याच असतात आणि काही स्लॉट त्यांपैकी एकच जात स्वीकारतात. खाचेची जागा थोडा अंदाज देते, खात्री देत नाही. बोर्डाची माहितीपुस्तिका पाहावी. एनव्हीएमईचा सेकंदाला ३५०० एमबीचा आकडा खरा आहे, पण तो सलग वाचनाचा. रोजच्या वापरात साटा एसएसडीच्या तुलनेत सेकंद-दोन सेकंद वाचतात, व्हिडिओ संपादनात मात्र बरेच अधिक. दोन्ही बसत असतील आणि किंमत सारखी असेल तर एनव्हीएमई घ्यावी. फक्त साटा बसत असेल तर हळहळण्याचे कारण नाही.

खरेदीत पाहण्याच्या गोष्टी मोजक्याच आहेत. टीएलसी चिपमध्ये एका पेशीत ३ बिट असतात, क्यूएलसीमध्ये ४. क्यूएलसी स्वस्त पडते, पण मोठी फाइल लिहिताना तिचा राखीव वेगवान भाग भरला की काही मॉडेल सेकंदाला ८०-१०० एमबीवर येतात, म्हणजे हार्ड डिस्कच्याच पंगतीत. डीरॅम नसलेली साटा एसएसडीही शक्यतो नको. एनव्हीएमई ड्राइव्ह संगणकाच्या रॅममधला थोडा भाग उसना घेऊ शकते, साटाला ती सोय नाही. झिजण्याची भीती मात्र अवाजवी आहे. ५०० जीबीच्या चांगल्या टीएलसी ड्राइव्हला ३०० टीबी लिखाणाची हमी असते. रोज २० जीबी लिहिले तरी ती पुरायला ४१ वर्षे लागतील. अडीच इंची साटा एसएसडीची जाडी ७ मिलिमीटर असते, जुन्या साडेनऊच्या खणात ती ढिली बसते. त्यासाठी प्लास्टिकची चौकट मिळते.

बदल करण्यापूर्वी नवी ड्राइव्ह यूएसबी एन्क्लोजरमध्ये घालून जुनीचा क्लोन करावा, त्यावरून संगणक सुरू होतो का ते तपासावे आणि मगच पेचकस हाती घ्यावा. विंडोज ७ पासून रिकाम्या जागेची वर्दी देणारी ट्रिम ही सोय आपोआप चालते. मॅकवर बाहेरून आणलेल्या एसएसडीसाठी ती १०.१०.४ या २०१५ च्या आवृत्तीपासून 'ट्रिमफोर्स' या आज्ञेने सुरू करावी लागते. निघालेली हार्ड डिस्क त्याच एन्क्लोजरमध्ये घालून बॅकअपला लावावी. हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा कुरकुरते, एसएसडी मात्र पूर्वसूचना न देताही बंद पडते.

२०१८ च्या मॅक मिनीपासून पुढची काही वर्षे फ्लॅश चिप बोर्डावरच डकवलेली आहे आणि बऱ्याच पातळ लॅपटॉपची गतही तीच आहे. अशा संगणकात नंतर वाढवता येते ती फक्त बाहेरून जोडलेली ड्राइव्ह. ते विकत घेताना आतली क्षमता आज लागते त्याच्या दुप्पट धरावी.