खात्यात पैसे आहेत, पण खर्चायचे किती?

एक सोपं गणित. खात्यात ३०० डॉलर आहेत. त्यातून पेट्रोलला ३० आणि विजेच्या बिलाला १४० असे एकूण १७० डॉलर गेले. दंड बसेल का? आपण सगळे लगेच म्हणू, "छे! १३० उरले की!" पण अमेरिकेतल्या बँकेत नेमक्या याच हिशोबात ३५ डॉलरचा, म्हणजे जवळजवळ तीन हजार रुपयांचा दंड बसू शकतो.

आपल्या कॉलेजमधून जे सीनियर्स एम.एस.ला जातात, त्यांचं पहिल्या सेमिस्टरचं बजेट अगदी मोजून-मापून असतं. त्यात असे दोन-तीन दंड म्हणजे आठवड्याचा किराणाच गेला. म्हणून हे प्रकरण काय आहे ते नीट समजून घेऊया.

शिल्लक एक नाही, दोन

आपल्याला यूपीआयची सवय आहे. स्कॅन केलं, पिन टाकला, त्याच क्षणी खात्यातून पैसे वजा. तिकडे डेबिट कार्डाचं काम साधारणपणे दोन टप्प्यांत चालतं. पहिल्या टप्प्यात दुकानाचं मशीन बँकेला विचारतं, "यांच्याकडे एवढे पैसे आहेत का?" बँक हो म्हणते आणि तेवढी रक्कम बाजूला अडवून ठेवते. या अडवण्याला होल्ड म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात, एक-दोन दिवसांनी (कधी जास्तही), दुकानदार खरं बिल पाठवतो आणि तेव्हा पैसे खात्यातून प्रत्यक्ष जातात.

त्यामुळे खात्यात दोन आकडे असतात. एक लेजर बॅलन्स, म्हणजे वहीत लिहिलेली शिल्लक. दुसरा अव्हेलेबल बॅलन्स, म्हणजे होल्ड वजा करून आत्ता वापरता येणारी शिल्लक. चेक भरला तरी हाच प्रकार. रक्कम वहीत दिसते, पण बँक ती काही दिवस पूर्णपणे वापरू देत नाही.

कॉम्प्युटरवाल्यांना हे पटकन कळेल. तपासणी एका वेळी होते, नोंद दुसऱ्या वेळी. मधल्या काळात दुसरा कोणीतरी त्याच आकड्याला हात लावतो आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

पेट्रोल पंपाची गंमत

तिकडे बहुतेक पंपांवर पेट्रोल आपणच भरायचं आणि कार्ड आधी लावायचं. तुम्ही किती पेट्रोल घेणार हे पंपाला माहीत नसतं, म्हणून तो अंदाजे मोठी रक्कम अडवून ठेवतो. ही रक्कम १७५ डॉलरपर्यंतही असू शकते. आता वरचं गणित पुन्हा करा. ३०० मधून १७५ अडकले, वापरायला उरले १२५. तेवढ्यात विजेचं १४० डॉलरचं ऑटो-पेमेंट आलं. वहीत ३०० आहेत, पण होल्ड मोजणाऱ्या बँकेच्या दृष्टीने १५ डॉलर कमी पडले. मग बँक एक तर बिल परत पाठवते, किंवा स्वतःच्या पदरचे पैसे घालून ते भरते आणि त्याबद्दल फी लावते. या फीला ओव्हरड्राफ्ट फी म्हणतात. नंतर होल्ड सुटतो, खरे ३० डॉलर वजा होतात, पण ३५ डॉलर गेले ते गेलेच.

हॉटेलच्या खोलीचं आणि भाड्याच्या गाडीचंही असंच आहे. नुकसान झालं तर हाताशी असावेत म्हणून बिलापेक्षा जास्त रक्कम अडवतात.

याची उलट बाजू जास्त फसवी आहे. काही वेळा होल्ड खऱ्या बिलापेक्षा लहान असतो. रेस्टॉरंटमध्ये ४० डॉलरचं बिल मंजूर होतं, मग तुम्ही ८ डॉलर टिप लिहिता आणि दोन दिवसांनी ४८ वजा होतात. शिवाय होल्डला मुदत असते. दुकानदाराने बिल पाठवायला उशीर केला तर होल्ड आपोआप गळून पडतो आणि अव्हेलेबल बॅलन्स पुन्हा वाढलेला दिसतो. आपल्याला वाटतं, अरे वा, पैसे आहेत की! आपण ते खर्च करतो आणि मग ते जुनं बिल दारात उभं राहतं.

क्रम बदलला, दंड बदलला

समजा खात्यात १०० डॉलर आहेत आणि दिवसभरात १०, १५, २० आणि ९० असे चार खर्च झाले. याच क्रमाने नोंद केली तर पहिले तीन सहज बसतात, फक्त ९० ला पैसे कमी पडतात. एक दंड, ३५ डॉलर. आता बँकेने सर्वांत मोठा खर्च आधी घेतला तर? ९० गेले, उरले १०. मग २०, १५ आणि १० तिन्ही तुटीत. दंड तीन, म्हणजे १०५ डॉलर! खर्च तेच, फक्त क्रम उलटा.

हे नुसतं पुस्तकी उदाहरण नाही बरं का. वेल्स फार्गो बँकेविरुद्ध याच पद्धतीवरून खटला झाला आणि २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टाने ग्राहकांना सुमारे २० कोटी ३० लाख डॉलर परत करायचा आदेश दिला. बँक ऑफ अमेरिकानेही ओव्हरड्राफ्ट फीच्या अशाच दाव्यांत २०११ मध्ये ४१ कोटी डॉलरची तडजोड केली.

२०१० पासूनच आणखी एक नियम आहे. एटीएम आणि डेबिट कार्डाच्या एकेका व्यवहारावर ही फी लावायची असेल तर बँकेला ग्राहकाची आधी संमती घ्यावी लागते. संमती नसेल तर पैसे कमी असताना कार्ड सरळ नाकारलं जातं, फी नाही. चेक आणि ऑटो-पेमेंट मात्र या नियमात येत नाहीत, हे लक्षात ठेवा.

अलीकडे स्पर्धेमुळे फी कमी झाली आहे. कॅपिटल वन आणि सिटीबँक यांनी ती बंदच केली, बँक ऑफ अमेरिकाने २०२२ मध्ये ३५ वरून १० डॉलर केली. मोठ्या बँकांसाठी ५ डॉलरची मर्यादा सुचवणारा सरकारी नियम २०२४ च्या शेवटी आला होता, पण लागू होण्याआधीच २०२५ मध्ये तो रद्द झाला. म्हणजे बँक कोणती निवडता यावर बरंच काही अवलंबून आहे.

आणि आपल्याकडे?

आपल्या साध्या बचत खात्यात बँक सहसा स्वतःचे पैसे घालत नाही, व्यवहार परत पाठवते. पण त्यालाही फी आहेच. आयपीओला अर्ज केला की पैसे खात्यातच राहतात, त्यावर व्याजही मिळतं, पण वाटप होईपर्यंत ते अडवलेले असतात. त्याच आठवड्यात मोबाईलचा हप्ता आला तर तो बाउन्स होतो. मग बँकेचा दंड, त्यावर जीएसटी आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचा वेगळा दंड. पैसे कमी असताना एटीएममधून रक्कम काढायचा प्रयत्न केला तरी बऱ्याच बँका २०-२५ रुपये आणि वर जीएसटी घेतात. एक दिलासा आहे. किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून लावलेल्या दंडामुळे बचत खातं शून्याच्या खाली नेता येणार नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये सांगितलं आणि १ एप्रिल २०१५ पासून ते लागू झालं.

मग करायचं काय?

१) तिकडे खातं उघडताना ओव्हरड्राफ्टच्या संमतीचा फॉर्म पुढे येतो. "सोय" म्हणून सांगतात. सही करण्याआधी फी विचारा. गरज नसेल तर सरळ नाही म्हणा.

२) पेट्रोल भरायचं तर आत जाऊन काउंटरवर ठरावीक रकमेचं आधी पैसे देऊन भरा. मोठा होल्ड टळतो.

३) हॉटेल आणि गाडीसाठी शक्य असेल तर क्रेडिट कार्ड द्या. होल्ड लिमिटवर बसतो, खात्यातल्या पैशांवर नाही.

४) ऑटो-पेमेंटच्या तारखा एका कागदावर लिहा आणि त्याच्या आदल्या दिवशी अव्हेलेबल बॅलन्स बघा.

५) दोन आठवड्यांत केलेले, पण अजून वजा न झालेले खर्च स्वतः लक्षात ठेवा. हे बँकेचं अॅप प्रत्येक वेळी सांगेलच असं नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यात जुना आहे. आपले आजोबा-आजी रोजचा जमाखर्च वहीत लिहायचे, तेच. स्क्रीनवरचा आकडा बँकेला आत्तापर्यंत काय कळलंय ते सांगतो. आपण काय काय खर्च केलंय हे फक्त आपल्यालाच माहीत असतं.