सायझिंगचे काम संगणकातही बाहेर देतात

दुकानात गिऱ्हाईक कार्ड घालतो, चार आकडे दाबतो आणि क्षणात रक्कम जमा होते. ते चार आकडे मोकळे जात नाहीत. एन्क्रिप्शन करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत असे बंद करून, ते बँकेकडे जातात. जगातील अनेक मोठ्या बँकांचे हिशेब मेनफ्रेम नावाच्या अजस्र संगणकांवर चालतात.

नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने अक्षरे मोजून गुप्त लिपी फोडण्याची रीत लिहून ठेवली. तेव्हापासून कुलपे अवघड होत गेली आणि ती लावण्याची आकडेमोडही. हे काम नुसत्या सॉफ्टवेअरवर टाकले तर मुख्य प्रोसेसर त्यातच अडकतो, खात्यांचे काम तुंबते. मालेगाव-भिवंडीच्या भावांना हे सांगायला नको. यंत्रमागवाला सुताला खळ स्वतः देत बसत नाही, सायझिंगला पाठवतो.

आयबीएमच्या मेनफ्रेममध्ये अशा दोन सोयी आहेत. एक चिपमध्येच असते. 2003 च्या झेड 990 यंत्रापासून ती सीपीएसीएफ नावाने मिळते. दुसरी क्रिप्टो एक्सप्रेस हे वेगळे कार्ड. कार्डापर्यंत जाण्या-येण्यात वेळ मोडतो. एकेक बीम टेंपोने पाठवला तर भाडेच मजुरीला भारी पडते, तसेच हे. म्हणून फायली बंद करण्याचे ढीगभर काम चिपमध्ये उरकतात. कार्डाकडे आरएसएसारखी जड गणिते आणि किल्ल्यांची राखण देतात.

मला विचाराल तर राखण जास्त मोलाची. मुख्य किल्ली कार्डाबाहेर उघडी कधीच येत नाही. कुणी कार्डाला भोक पाडले तर ते किल्ली स्वतःच पुसून टाकते. अमानत परक्याच्या हाती जाण्यापेक्षा गेलेली बरी! किल्लीचे भाग वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे ठेवतात, म्हणून ती पुन्हा बसवता येते.

मात्र यंत्र घेतले म्हणजे काम झाले नाही. सीपीएसीएफला वेगळे दाम पडत नाही, पण ती सुरू करून घ्यावी लागते. सॉफ्टवेअरलाही हार्डवेअरचा रस्ता दाखवावा लागतो. नाहीतर ते गुपचूप सगळे स्वतःच करते. उत्तर बरोबर येते, म्हणून कुणाला संशयही येत नाही. दाम मोजलेले कार्ड नुसते पडून. आपली जी मुले या नोकरीत आहेत त्यांनी मेनफ्रेमच्या लिनक्सवर आयसीएस्टॅट्स ही आज्ञा द्यावी. किती काम हार्डवेअरने केले आणि किती सॉफ्टवेअरने, हे ती वेगवेगळ्या रकान्यांत दाखवते. हार्डवेअरच्या रकान्यात शून्यच दिसले तर साहेबांना त्याच दिवशी सांगावे.