आधी तूर, मग चना, उरलं तर गहू

सकाळी साडेसहा. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत नळाला येतं ते धाम नदीचं पाणी, महाकाळीच्या धरणातलं. आज ज्या गावी जायचंय तिथे धरण नाही, कालवा नाही. आहेत त्या विहिरी. रब्बीत किती एकर ओलीत निघेल, ते संध्याकाळी तिथल्या कास्तकारांसमोर मांडायचं आहे. ऑक्टोबर लागला, पेरणी तोंडावर आली.

साडेआठ. हवामान खात्याचा पावसाचा दिवस या वेळी संपतो. महसूल मंडळातल्या महावेध हवामान केंद्राचे रोजचे आकडे उतरवून घेतो. वर्धा जिल्ह्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण नुसत्या बेरजेवर नियोजन करणं मला धोक्याचं वाटतं. तोच पाऊस चार झडींत नाल्यातून निघून गेला तर पराटी मधल्या उघडीपीत सुकते. म्हणून हिशेब रोजचा ठेवायचा: पडलं किती, वाहून गेलं किती, पिकानं उचललं किती, मातीत राहिलं किती, खाली मुरलं किती. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी मुंबईच्या आयआयटीने गावपातळीवर हीच पद्धत बसवली.

दहा. टेपला खडू लावून विहिरीत सोडतो. खडू जिथवर भिजला तिथवर पाणी. विहीर भरलेली दिसली की माणूस सुखावतो, आणि इथेच हिशेब चुकतो. आपल्या झिजलेल्या काळ्या पाषाणात पाणी द्यायची ताकद साधारण दोन टक्केच धरतात. म्हणजे एका हेक्टरखालची पातळी मीटरभर चढली, तर हाती येतं 200 घनमीटर पाणी. एका एकराला सात सेंटिमीटरची एक पाळी द्यायला सुमारे 280 लागतं. मीटरभर चढलेल्या पाण्यात एक एकर एकदाही पुरतं भिजत नाही!

बारा. वावरात खड्डे घेऊन मातीची खोली पाहतो. नाल्याकाठची भारी काळी जमीन 180 मिलिमीटर ओल धरते असं मानलं आणि पीक रोज पाच मिलिमीटर पितं असं धरलं, तर ढोबळ हिशेबानं ती महिनाभर तग धरते. वरच्या बरडावर 60 मिलिमीटर, म्हणजे बारा दिवस. पाऊस दोघांना सारखाच. बंधाऱ्यांची साठवणक्षमता टीसीएममध्ये, म्हणजे हजार घनमीटरमध्ये, मिळवून गाव जलपरिपूर्ण ठरवलं जातं, तेव्हा हे बरड कागदावर दिसतच नाही. मला ते पटत नाही.

दुपारी अडीच. ग्रामपंचायतीत लॅपटॉप उघडून नकाशावर जमिनीचे पट्टे, पिकं आणि पाऊस एकत्र चालवतो. मग पाण्यामागे उत्पन्न. समजा, गव्हाला सहा पाळ्या आणि एकरी चौदा क्विंटल: घनमीटरला किलोच्याही आत. चन्याला दोन पाळ्या आणि सात क्विंटल: सव्वा किलो. चना बाकीचं पाणी काळ्या मातीच्या ओलीतून घेतो, म्हणून हा आकडा बरडाला लावायचा नाही.

संध्याकाळी सात. समाजमंदिरात सभा. मागून एक काका विचारतात, “भाऊ, विहीर तर तुडुंब हाय, मंग गहू काऊन नाही पेराचा?” सकाळचा हिशेब फळ्यावर मांडतो. माणसांचं आणि ढोरांचं जूनपर्यंतचं पाणी आधी बाजूला काढतो. मग फुलोऱ्यातल्या तुरीला एक पाळी, मग चना. गहू उरलेल्या पाण्यावर.

खरा पेच पुढे निघतो. वरच्या बरडावर मुरलेलं पाणी खालच्या विहिरींत येतं. वरचे म्हणतात, मग आमच्या तुरीचं काय? पाणी कुठून कुठे जातं ते लॅपटॉपवरचं प्रारूप दाखवतं, ते कुणाचं हे त्यात नाही. बराच वेळ बोलणं होतं. शेवटी खालचे दोघं एकेक पाळी वर द्यायला कबूल होतात. पाइप कुणी आणायचा आणि मोटरचं बिल कुणी भरायचं, यावर नऊनंतरही बोलणं चालू आहे.