बाटली कुणी धुतली?

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा, पलीकडे अष्टमी. नगरपालिका दोघांची मिळून एकच. नदीबद्दल बोलायला माणसं भरपूर. आमचं काम वस्तीमागच्या तळ्यातलं फॉस्फेट मोजायचं, महिन्यातून एकदा, धुणी यायच्या आत.

पहिल्या खेपेला नळीतलं पाणी इतकं निळंशार झालं की आम्ही हबकलोच. मग आठवलं, नमुन्याची बाटली आदल्या रात्री मीच मोरीत पावडरीने घासून चकचकीत केली होती. धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट असू शकतं, आणि इथला हिशेब लिटरमागे मायक्रोग्रॅमचा. फॉस्फरस साधारण २० मायक्रोग्रॅमच्या पुढे गेला की तळं शेवाळाकडे झुकू लागतं. म्हणजे १०,००० लिटरच्या ५ टँकरांना तिथवर न्यायला १ ग्रॅम फॉस्फरस पुरे. मी मोजली होती ती घरची मोरी.

आता बाटली सौम्य आम्लाने विसळून येते, वर तळ्याच्याच पाण्याने तीनदा खंगाळायची. गाळ न ढवळता, हात कोपरापर्यंत घालून, बाटली उपडी बुडवायची नि पाण्याखालीच सुलटी करायची. गाळलेल्या नमुन्यात आम्लात कालवलेलं मॉलिब्डेट आणि क जीवनसत्त्व, तेच आवळ्यातलं. फॉस्फेट जितकं, तितका निळा रंग चढतो. ही रीत १९६२ साली मर्फी आणि रायली यांनी बसवली. दहा मिनिटं थांबून नळी सावलीत रंगपट्टीशेजारी धरायची. हा रंग की पुढचा, यावर दर वेळी हुज्जत.

मार्चमध्ये तळं हिरवंगार आणि नळी जवळजवळ बिनरंगी! फॉस्फरस शेवाळाने केव्हाच गिळला होता. नळीला दिसतं ते फक्त विरघळलेलं. एकूण आकडा हवा तर प्रयोगशाळेत नमुना उकळून शेवाळाच्या पोटातलं बाहेर काढावं लागतं. म्हणून पाणी किती गढूळ ते बघायला आम्ही चकतीही सोडू लागलो. आंजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-खगोलज्ञाने १८६५ साली समुद्रात पांढरी चकती सोडली होती. आमची २० सेंटीमीटरची ताटली, काळे-पांढरे चतकोर रंगवलेली. ती दिसेनाशी झाली की दोरीच्या गाठी मोजायच्या.

धुणं घेऊन आलेल्या काकींनी विचारलं, "काय गावलं रे?"

"नळी कोरीच, काकी. पण तळं हिरवं."

"हिरवं तर मला घरातनं दिसतंय."

त्यांच्या पावडरीचा पुडा मागून घेतला, चष्मा लावला. दोन्ही बाजू उलटसुलट पाहिल्या. आत काय घातलंय, ते कुठेच छापलेलं नव्हतं.