जुन्या खेळांतील नगररचना – ७ : बाजार दाराशी, घर उपाशी

रोमन देवतांच्या कोपाचे प्रकरण या आठवड्यासाठी कबूल केले होते. ते पुढील भागावर ढकलावे लागत आहे. धान्यकोठारांच्या विवेचनावर एका वाचकाने विचारलेला प्रश्न इतका मुळाशी जाणारा आहे की, त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे या लेखमालेला शोभणार नाही. प्रश्न असा : ‘सीझर ३’ या खेळात कोठार गव्हाने भरलेले असते, बाजार घराला अगदी लागून असतो, बाजारात मालही असतो; तरीही त्या घराला अन्न का मिळत नाही आणि ते पाहता पाहता वाड्याचे खोपट का होते?

हा खेळ १९९८ साली इम्प्रेशन्स गेम्स या संस्थेने तयार केला आणि सिएराने प्रकाशित केला. त्याआधी नऊ वर्षे, म्हणजे १९८९ साली, विल राइट यांच्या ‘सिमसिटी’ने नगररचना खेळांचा जो पाया घातला, त्यात सेवा ही क्षेत्रावर पसरणारी गोष्ट होती : पोलीस ठाणे बांधले की त्याच्या आसपासच्या भागावर त्याचा प्रभाव पडे आणि अंतर वाढेल तसा तो विरळ होई. रस्त्यावर दिसणाऱ्या मोटारी हे रहदारीच्या दाटीचे केवळ चित्र होते. त्यांतील एकही मोटार कोठून निघून कोठे पोहोचते, याला खेळात अर्थ नव्हता. ‘सीझर ३’ने ही व्यवस्था मुळापासून बदलली. तेथे बहुतेक सेवांच्या बाबतीत इमारत स्वतः काहीच देत नाही. ती एक माणूस रस्त्यावर पाठवते, आणि तो माणूस ज्या घरांवरून जातो तेवढ्यांनाच सेवा मिळते. अशा फिरत्या माणसाला खेळाडू ‘वॉकर’ म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दोन चौकटींपर्यंत त्याचा हात पोहोचतो, चौकट म्हणजे नकाशाचा सर्वांत लहान चौरस घटक. त्यापलीकडचे घर त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

या वॉकरचे दोन प्रकार आहेत आणि खेळाडूंचा बहुतेक मनस्ताप हा भेद लक्षात न आल्यामुळे उद्भवतो. पहिल्या प्रकारातील माणसाला मुक्काम ठाऊक असतो : शेतातून कोठाराकडे निघालेला हातगाडीवाला किंवा नगरात राहायला येणारे कुटुंब ठरलेल्या ठिकाणीच जाते. दुसरा प्रकार भटक्यांचा. पुरोहित, वैद्य, न्हावी, करवसुली करणारा, इमारती कोसळू नयेत म्हणून त्यांची पाहणी करणारा अभियंता आणि आगीवर लक्ष ठेवणारा प्रिफेक्ट, हे सारे इमारतीतून बाहेर पडून रस्ता नेईल तिकडे काही अंतर चालतात आणि परत येतात. तिठ्यावर किंवा चौकात आल्यावर त्यांनी कोणीकडे वळावे, हे ठरवण्याचा अधिकार खेळाडूला नसतो. ज्या वाड्याला वैद्याची गरज आहे तो उजवीकडे असला, तरी वैद्य डावीकडच्या ओसाड रस्त्याने मातीच्या खाणीपर्यंत जाऊन येऊ शकतो.

वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर या भेदात आहे, कारण बाजार ही एकच इमारत दोन्ही प्रकारची माणसे पाठवते. खरेदी करणारी बाई कोठाराकडे किंवा वखारीकडे नेमकी जाते आणि माल घेऊन परतते. तिच्यामागून टोपल्या वाहणारी मुले ओळीने चालताना दिसतात. मालाचे वाटप करणारी दुसरी बाई मात्र भटक्यांपैकी असते. बाजाराला दोन अंगांनी रस्ते असले, तरी ती कोणत्या अंगाने बाहेर पडेल हे खेळाडूच्या हाती नसते. त्यामुळे बाजाराच्या भिंतीला भिंत लागलेल्या घराचे तोंड दुसऱ्या रस्त्याकडे असेल, तर दूरच्या वस्तीला गहू, तेल आणि मातीची भांडी मिळत राहतात आणि शेजारचे घर उपाशी राहते. नकाशावरील जवळीक येथे निरुपयोगी असून, बाईच्या वाटेवर असणे हीच खरी जवळीक होय.

एवढ्यावर निभावले असते, तर तक्रार किरकोळ ठरली असती. पण या खेळात घरांच्या वीस पायऱ्या आहेत, लहान तंबूपासून ऐश्वर्यसंपन्न प्रासादापर्यंत, आणि प्रत्येक वरच्या पायरीची मागणी अधिक असते. एक सेवा हुकली की घर खालच्या पायरीवर येते, त्यात मावणाऱ्या माणसांची संख्या घटते आणि उरलेली माणसे बेघर होऊन बाहेर पडतात. माणसे गेली की कामगार कमी पडतात. कामगार कमी पडले की बाजार, दवाखाना आणि प्रिफेक्टची चौकी आपापली माणसे अधिक अंतराने पाठवू लागतात. आणि त्या वाढलेल्या अंतरामुळे आणखी घरांची सेवा हुकते. अशा रीतीने एका चौकातील एका चुकीच्या वळणापासून सुरू झालेली घसरण सबंध नगराला व्यापते, आणि खेळाडूला मात्र तिचे शेवटचे टोक, म्हणजे आग आणि कामगारांच्या टंचाईचे इशारे, तेवढे दिसते. बहुतेक जण अशा वेळी आणखी एक बाजार बांधतात. त्या बाजारालाही कामगार लागतात, म्हणून टंचाई आणखी वाढते. खेळातील सर्वांत निराशाजनक गोष्ट हीच आहे की, सरळ बुद्धीला सुचणारा उपाय दुखणे वाढवतो.

यावर जाणत्या खेळाडूंनी दोन तोडगे काढले. पहिला असा की, वस्तीचा रस्ता चौकांची जाळी न करता बंद वळशाचा ठेवावा आणि त्याला उरलेल्या नगराशी एकाच ठिकाणी जोडावे, म्हणजे भटक्याला वळायला जागाच उरत नाही. दुसरा अधिक कल्पक आहे. तटबंदीसाठी दिलेली वेस भटक्या वॉकरला ओलांडता येत नाही, परंतु मुक्काम ठाऊक असलेल्याला येते. म्हणून जेथे तट नाही, शत्रू नाही, अशा भर वस्तीतल्या रस्त्यावरही खेळाडू वेस उभारू लागले. संरक्षणाची वास्तू अशी रहदारीच्या नियमनासाठी वापरावी लागणे, हा खेळाच्या रचनेतील उणिवेचा सर्वांत बोलका पुरावा आहे.

ही उणीव निर्मात्यांनाही मान्य असावी, असे त्यांच्या पुढील कृतीवरून म्हणता येते. १९९९ साली त्याच संस्थेने काढलेल्या ‘फेरो’ या प्राचीन इजिप्तवरील खेळात रस्त्यावर ठेवता येणारा अडथळा आला, जो भटक्यांना परत फिरवतो आणि हातगाडीवाल्यांना जाऊ देतो. २००० सालच्या ‘झ्यूस’मध्ये कामगार मिळवण्यासाठी प्रत्येक इमारतीने वस्तीत माणूस फिरवण्याची अटही गेली. इम्प्रेशन्स २००४ साली बंद झाली, तरी चाहत्यांनी हा विषय सोडला नाही : ‘ज्युलियस’ या मुक्त प्रकल्पाने मूळ खेळाचे नियम जसेच्या तसे ठेवून तो आजच्या संगणकांवर चालता केला, तर त्याच्यापासून निघालेल्या ‘ऑगस्टस’ने ‘सीझर ३’मध्येही तो अडथळा आणून दिला.

तरीही वॉकरची कल्पनाच चुकीची होती, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. क्षेत्रावर पसरणाऱ्या सेवेत बिघाड झाला तर खेळाडूपुढे रंगीत नकाशाखेरीज काही नसते; येथे मात्र बिघाडाचे कारण दोन पायांवर चालताना दिसते, त्याचा माग काढता येतो, आणि त्याच्यावर क्लिक केले तर नगरात अन्न कमी आहे की काम, हे तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. नगर म्हणजे इमारतींची यादी नसून त्यांच्यामधील रस्त्यांची मांडणी होय, हे या खेळाइतके ठामपणे त्या काळातील दुसऱ्या कोणत्याही खेळाने शिकवले नाही. दोष माणसाला रस्त्यावर पाठवण्यात नव्हता, त्याला अडवण्याचे साधन न देण्यात होता.

प्रश्नकर्त्या वाचकाने म्हणूनच नवा बाजार बांधण्यापूर्वी खेळाची गती कमी करून वाटप करणाऱ्या बाईची एक फेरी अखेरपर्यंत पाहावी, ती जेथे वस्ती सोडून भलतीकडे वळते तो तिठा शोधावा आणि तेथील अनावश्यक फाटा काढून टाकावा. पुरोहितही याच भटक्यांपैकी असल्यामुळे पुढील भागातील देवतांच्या कोपाचा विचार करताना हा नियम हाताशी ठेवावा लागेल.