नव्या शहरात शिक्षकाची पात्रता किती उरते?

मिहान प्रकल्पातली नोकरी, एम्स किंवा सरकारी बदली, कारण कोणतंही असो, नागपूरच्या मनीषनगर, बेसा, बेलतरोडी या भागात बाहेरून राहायला येणाऱ्या कुटुंबांत अनेकदा शिकवण्याचा अनुभव असलेलं कुणीतरी असतं, बहुतेक वेळा ती स्त्री असते. तिला मिळणारा पहिला सल्ला ठरलेला: इथे ओळख नाही, कागदपत्रं दुसरीकडची, तेव्हा घरी शिकवण्या घ्या. हा सल्ला अपुऱ्या माहितीवर उभा आहे आणि त्यामुळे चांगले शिक्षक वर्गाबाहेर राहतात. पात्रतेचा मोठा भाग गाव बदललं तरी सोबत येतो. जे मागे राहतं ते वेगळंच असतं, आणि त्याची कल्पना मात्र आधी कुणी देत नाही.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या महाविद्यालयातलं बीएड किंवा डीएड भोपाळचं असो की रायपूरचं, नागपुरात चालतं. सीबीएसईची सीटीईटी ही केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षाही चालते. तिचं प्रमाणपत्र आता आजन्म वैध आहे आणि महाराष्ट्राच्या शिक्षक भरतीतही ते ग्राह्य धरतात. दुसऱ्या राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, मात्र इथल्या भरतीत उपयोगी पडत नाही. आरक्षणाचंही तसंच. मध्य प्रदेशातून आलेल्या उमेदवाराला तिथल्या जातप्रमाणपत्रावर महाराष्ट्राच्या नोकरीत राखीव जागा मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनी ठरून गेलेलं आहे. राज्यातल्या राज्यात आंतरजिल्हा बदलीने येणाऱ्या जिल्हा परिषद शिक्षकाची नोकरी टिकते, पण नव्या जिल्ह्यात त्याला ज्येष्ठता सोडावी लागते.

दुसरा गैरसमज उलट्या बाजूचा: खासगी शाळेला टीईटी लागतच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ नुसार पहिली ते आठवीच्या शिक्षकांची किमान पात्रता ठरते आणि ती विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलं. बीएडवाल्यांनी आणखी एक निकाल लक्षात ठेवावा. ११ ऑगस्ट २०२३ पासून पहिली ते पाचवीसाठी बीएड ही पात्रता धरली जात नाही, तिथे डीएलएड (पूर्वीचं डीएड) हवं. एखादी शाळा आज हे न बघता नेमते म्हणून ती नेमणूक पक्की समजू नये.

‘ओळखीशिवाय काही होत नाही’ या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. खासगी संस्थांच्या भरतीतल्या गैरव्यवहारांमुळेच हा समज इतका खोल रुजला. पण २०१७ पासून महापालिका, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांची भरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून, टेट या २०० गुणांच्या अभियोग्यता चाचणीच्या आधारे होते. खासगी संस्थांना मुलाखतीचा पर्याय आहे, तरी मुलाखतीचे उमेदवारही पोर्टलच पाठवतं. यावर रास्त आक्षेप असा की टेट २०१७, २०२३ आणि २०२५ अशी अधूनमधूनच झाली. तोवर घर कसं चालवायचं? म्हणूनच इतर वाटा वेळेवर गाठायला हव्यात. विदर्भात राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून नवखी मंडळी अर्जही जूनमध्ये करतात. सीबीएसईचं सत्र मात्र एप्रिलला सुरू झालेलं असतं. केंद्रीय विद्यालयांच्या कंत्राटी जागांच्या थेट मुलाखती साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात, आणि अजनीचं केंद्रीय विद्यालय मनीषनगरहून लांब नाही. इथे अर्ज जानेवारीतच तयार हवा.

राहिला पगार. विनाअनुदानित शाळा देईल ते घ्यावं, असं बरेच जण मानतात. पण महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी अधिनियम १९७७ राज्य मंडळाच्या मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. त्यात वेतनश्रेणी, लेखी नेमणूक आदेश आणि सेवेतून काढण्याची रीतसर पद्धत ठरवून दिली आहे. हक्क मागितला तर नोकरी जाईल ही भीती खरी आहे, नव्या गावात ती जास्तच असते. पण तोंडी नेमणुकीवर वर्षभर शिकवलेल्या शिक्षिकेच्या हातात भांडायला काहीच उरत नाही. नेमणुकीचा आदेश, पगाराच्या बँकेतल्या नोंदी आणि हजेरीपटाचा पुरावा जवळ असेल, तर सेवेतून काढल्याचा आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं.