विश्लेषण : जास्त तास राबूनही आपला पगार कमी का? भारत आणि जर्मनीचा तासाचा हिशेब

‘तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे,’ असे इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती ऑक्टोबर 2023 मध्ये म्हणाले. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी हा आकडा थेट 90 वर नेला. दोन्ही वेळा मीम्सचा पाऊस पडला, पण मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. भारतीय माणूस खरेच कमी काम करतो का? आणि जास्त तास भरले तर देश श्रीमंत होतो का?

आत्ता आपण किती तास काम करतो?

आयएलओ म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकडेवारीनुसार भारतात काम करणारी व्यक्ती आठवड्याला सरासरी 46.7 तास राबते. निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे 51 टक्के लोक आठवड्याला 49 किंवा त्याहून जास्त तास काम करतात. वर्षाचे 50 आठवडे धरले तर सरासरी 2,300 तासांच्या वर जाते. श्रीमंत देशांच्या यादीत सर्वात कमी तास जर्मनीचे, वर्षाला साधारण 1,340.

इथे एक मेख आहे. जर्मनीच्या सरासरीत अर्धवेळ काम करणारेही धरलेले आहेत आणि तिथे त्यांचे प्रमाण मोठे आहे. पूर्णवेळ नोकरी करणारा जर्मन माणूस आठवड्याला 40 तासांच्या आसपास काम करतोच. त्यामुळे ‘जर्मन लोक आपल्या निम्मेच काम करतात’ हे फॉरवर्ड अर्धसत्य आहे.

तरीही एकूण चित्र बदलत नाही. बिक, फुक्स-श्युंडेल्न आणि लागाकोस या अर्थतज्ज्ञांनी 2018 मध्ये अनेक देशांची आकडेवारी एका मापाने मोजली. गरीब देशांतील प्रौढ व्यक्ती श्रीमंत देशांतील व्यक्तीपेक्षा आठवड्याला सुमारे 50 टक्के जास्त तास काम करते, असे त्यांना आढळले. तास वाढवून श्रीमंती येत असती, तर ती गरीब देशांत केव्हाच आली असती.

मग तासाची किंमत कशावर ठरते?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा हाताने फायलिंग करून एक जॉब बनवावा लागतो. दोन-तीन प्रॅक्टिकल त्यातच जातात, हाताला फोड येतात ते वेगळेच. तोच जॉब सीएनसी मशिनवर काही मिनिटांत होतो. मशिनवरचा माणूस जास्त कष्टाळू असतो म्हणून नव्हे. त्याच्यामागे भांडवल, वीज, प्रशिक्षण आणि वेळेवर येणारा कच्चा माल उभा असतो, म्हणून.

देशांचेही असेच आहे. भारतात कामाच्या एका तासातून होणारे उत्पादन, वस्तूंच्या किमतीतला फरक जमेस धरूनही, 10 डॉलरच्या आसपास आहे. जर्मनीत ते 60 डॉलरच्या बरेच वर आहे. आपले सुमारे 46 टक्के कामकरी अजून शेतीत आहेत आणि उत्पन्नात शेतीचा वाटा साधारण 18 टक्के. एवढ्याशा जमिनीवर एवढे हात राबत असतील, तर प्रत्येकाने आणखी दोन तास घातल्याने पीक वाढणार किती?

पण मग बर्लिनमधल्या सलूनवाल्याचे काय? त्याची कात्री आणि सोलापूरच्या सलूनवाल्याची कात्री सारखीच. केस कापायला वेळही तेवढाच लागतो. तरी बर्लिनवाला कित्येक पट कमावतो. कारण त्याला सलूनमध्ये टिकवायचे तर कारखान्याच्या जवळपास जाणारा पगार द्यावा लागतो, नाहीतर तो दुसरे काम धरेल. आजूबाजूचे कारखाने उत्पादक असले की कात्रीचाही भाव वाढतो. अर्थशास्त्रात याला बालासा-सॅम्युअलसन परिणाम म्हणतात. दोघांनीही तो 1964 मध्ये स्वतंत्रपणे मांडला.

युरोचे रुपये करताना फसगत कुठे होते?

जर्मनीत जानेवारी 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. एक युरो 100 रुपये धरला तर 1,390 रुपये. समजा, आपल्याकडे एखाद्याला नऊ तासांचे 500 रुपये रोज मिळतात. म्हणजे तासाला 55 रुपये. फरक 25 पटींचा!

मात्र ते युरो खर्चही तिथेच व्हायचे असतात. क्रयशक्तीच्या हिशेबाने, म्हणजे तेवढ्या पैशांत प्रत्यक्ष किती वस्तू आणि सेवा येतात हे पाहिले, तर एक युरो साधारण 28 ते 30 रुपयांचे काम करतो. मग 13.90 युरो म्हणजे 400 रुपयांच्या आसपास. 25 पटींचा फरक सातपटीवर येतो. तोही काही थोडा नाही.

आपला तळ किती खाली आहे तेही पाहा. केंद्राने 2019 मध्ये सुचवलेला राष्ट्रीय किमान वेतनाचा तळ होता दिवसाला 178 रुपये, आठ तासांच्या हिशेबाने तासाला 22 रुपये. तोही राज्यांवर बंधनकारक नव्हता.

युद्धानंतर जर्मनी, जपानने काय केले?

मूर्तींनी याच दोन देशांचा दाखला दिला होता. युद्धानंतर जर्मन कामगार खूप राबले, हे खरेच. पण तो साधारण सहा दिवसांचा, 48 तासांचा आठवडा होता. 70 तासांचा नव्हे. आठ तासांचा दिवस तिथे 1918 मध्येच आला होता. अर्थव्यवस्था भरात असतानाच, 1956 मध्ये, कामगार संघटनांनी ‘शनिवारी बाबा माझे’ अशी लहान मुलाच्या तोंडची घोषणा देत पाच दिवसांच्या आठवड्याची मोहीम काढली. 1967 मध्ये धातू उद्योगात 40 तासांचा आठवडा लागू झाला, तर 1984 च्या मोठ्या संपानंतर टप्प्याटप्प्याने 35 तासांचा. उत्पादकता वाढली तसा कामगारांनी त्यातला वाटा पगार आणि वेळ अशा दोन्ही रूपांत मागून घेतला. तो आपोआप मिळाला नाही.

जपानने अतिकामाने होणाऱ्या मृत्यूंसाठी ‘करोशी’ हा शब्दच जगाला दिला. एप्रिल 2019 पासून तिथे ओव्हरटाइमवर महिन्याला 45 तास आणि वर्षाला 360 तासांची सर्वसाधारण मर्यादा आहे.

महाराष्ट्राचा याच्याशी संबंध काय?

दोन ठिकाणी थेट आहे. राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी 10 हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक असे लोक येतात. तेच हात, तेच कौशल्य. जागा बदलली की तासाचा भाव बदलतो. या वाटेने जाण्याचा विचार असेल, तर एजंटने दाखवलेल्या आकड्याला 100 ने गुणून थांबू नका. किमान वेतनावर 40 तासांचा आठवडा धरला तर महिन्याला सुमारे 2,400 युरो होतात. कर आणि विमा जाऊन एकट्या माणसाच्या हातात 1,700 च्या आसपास उरतात, त्यातून घरभाडे द्यायचे असते. राजधानी स्टुटगार्टमध्ये ते चांगलेच जड आहे.

दुसरा संबंध इथल्या कारखान्यांचा. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा 9 वरून 12 तास आणि तिमाही ओव्हरटाइमची मर्यादा 115 वरून 144 तास करायला मान्यता दिली. आठवड्याची 48 तासांची मर्यादा कायम असून कामगाराची लेखी संमती आवश्यक आहे. ओव्हरटाइमला दुप्पट दर हा नियम 1948 च्या कारखाने कायद्यापासूनचा. त्यामुळे शिफ्ट 12 तासांची झाली, तर पगाराच्या स्लिपवर दोन रकाने तपासा : ओव्हरटाइमचे तास किती लावले आणि दर दुप्पट धरला की साधा.